कल्पवृक्ष, देहरी : वजाबाकीवर उभी राहिलेली वाडी

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा ठाणे जिल्ह्याचा उंबरगाव तालुका गुजरातेत गेला. देहरी हे त्याच तालुक्यातले समुद्राकाठचे गाव. त्या दिवसापर्यंत देहरी आणि आपले पालघर तालुक्यातले शिरगाव एकाच जिल्ह्यात होती. माती, वारा, पावसाचा जोर, विहिरीत समुद्राचे पाणी शिरण्याची भीती, सगळे सारखेच. माड तोच, भाताची खाचरे तीच आणि भातामागून वाल-हरभरा पेरायची पद्धतही तीच. म्हणून किनारपट्टीच्या बागायतीला वळण लावणाऱ्या संस्थांचा इतिहास आपल्या मंडळाच्या या स्मरणिकेत घ्यायचे ठरल्यावर देहरीच्या ‘कल्पवृक्ष’ वाडीचे नाव पुढे आले. राज्य बदलले म्हणून ती परकी ठरत नाही.

‘संस्था’ हा शब्द काहींना खटकेल. कल्पवृक्षला घटना नाही, अध्यक्ष नाही, वार्षिक सभाही नाही. आहे ती चौदा एकरांची एका कुटुंबाची जमीन. पण गेल्या साठ वर्षांत देशभरातून आणि देशाबाहेरून जितके लोक ही वाडी बघायला आले, तितके आपल्याकडच्या किती नोंदणीकृत संस्थांच्या दारात आले असतील?

वाडीचे संस्थापक भास्कर सावे. सगळे त्यांना भास्करभाई म्हणत. जन्म २७ जानेवारी १९२२, देहरीतच. घर शेतकऱ्याचे, पावसाळ्यात भात, हिवाळ्यात कडधान्ये आणि भाजीपाला. ते शिकले आणि काही वर्षे प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांच्यावर लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण या मास्तरकीचा ओझरता उल्लेख करून पुढे जातात. मला मात्र ती महत्त्वाची वाटते. वहीत रकाने आखून आकडे भरायची सवय आणि उत्तर चुकले तर पाटी पुसून गणित पुन्हा मांडायचा स्वभाव, या दोन गोष्टींवरच पुढचा सगळा इतिहास उभा आहे.

१९५०चे दशक हे आपल्याकडे सरकारी खताच्या आगमनाचे दशक. सिंद्रीचा कारखाना १९५१ साली सुरू झाला. १९५३ पासून ‘जपानी पद्धतीच्या’ भातशेतीचा प्रचार गावोगाव होऊ लागला : ओळीत लावणी, कोळपणी आणि खताची मात्रा. भास्करभाईंनी हे सारे उत्साहाने केले. उत्पन्न वाढले. बघायला अधिकारी येऊ लागले, प्रगतिशील शेतकरी म्हणून नाव झाले. इतकेच नव्हे, तर त्यांनी खताची एजन्सीही घेतली आणि पोत्यामागे कमिशन मिळवत तेच खत आजूबाजूच्या शेतकऱ्यांना विकले. पुढे रासायनिक खताचा कट्टर विरोधक म्हणून जगभर ओळखला गेलेला माणूस आधी खताचा विक्रेता होता, ही गोष्ट कल्पवृक्षच्या चाहत्यांनी लपवू नये. त्यांच्या बोलण्याला वजन आले ते त्यामुळेच.

मग वही बोलू लागली. खताची मात्रा दरवर्षी थोडी वाढवावी लागे. पाणी जास्त लागे, कीड जास्त येई, औषध आणावे लागे. पीक तेवढेच, आणि खर्चाचा रकाना मात्र वर चढत होता. त्यांनी जमिनीचा एक तुकडा वेगळा काढला आणि त्यात बाहेरचे काही न घालता भात घेतले. उत्पन्न घटले. पण खर्च त्याहून कितीतरी जास्त घटला आणि हातात उरलेली रक्कम जास्त निघाली. गांधी आणि विनोबांचे विचार त्यांनी वाचले होते, मानलेही होते. निसर्गाशी अहिंसेने वागावे हा विचार त्यांच्या मनात होताच. तरी त्यांनी दिशा बदलली ती हिशेब बघून. १९६०च्या आसपास त्यांनी रासायनिक खत पूर्ण बंद केले.

पुढे त्यांच्याभोवती ‘शेतीतले गांधी’ अशी प्रतिमा तयार झाली. तिच्यामुळे नुकसान झाले असे माझे मत आहे. महात्म्याला आपण नमस्कार करतो आणि घरी येऊन पूर्वीसारखेच वागतो. हिशेबनिसाचे तसे नसते. त्याची वही मागून घेता येते.

आता प्रत्यक्ष वाडी. चौदा एकरांपैकी साधारण दहा एकर चिकू आणि नारळाची मिश्र बाग, सुमारे दोन एकर भात आणि इतर पिकांना, उरलेल्यात रोपवाटिका. बागेत शिरल्यावर आपल्या बागायतदाराला पहिला धक्का बसतो तो आळी नसल्याचा. आपण झाडाच्या बुंध्याशी गोल आळे करतो आणि त्यात पाणी सोडतो. भास्करभाईंनी झाडे उंच वरंब्यांवर घेतली आणि पाण्याचे चर दोन ओळींच्या मधे, झाडापासून लांब ठेवले. रोप लहान असताना चर जवळ असतो. झाड वाढेल तसा तो दूर सरकवायचा. कारण साधे आहे. मोठ्या झाडाची पाणी ओढणारी बारीक मुळे बुंध्याशी नसतात, ती फांद्यांच्या घेराच्या कडेला असतात. बुंध्याशी पाणी साचले की मूळ गुदमरते, बुरशी येते आणि झाड आळशी होते. चर लांब असला की मुळे पाण्याच्या शोधात पसरतात. चरात पाला, झावळ्या, गवत, जे पडेल ते पडू द्यायचे. त्याखाली ओल टिकते, गांडुळे येतात, आणि नांगर जे वर्षातून दोनदा करतो ते काम गांडुळे रात्रंदिवस करतात. या रचनेने पाण्याची जवळजवळ ऐंशी टक्के बचत होते, असा वाडीचा दावा आहे. टक्केवारीवर वाद घालता येईल, पण ज्यांच्या विहिरींचे पाणी मार्चनंतर मचूळ होते त्या आपल्या गावांनी निदान चर कुठे असावा एवढे तरी देहरीहून शिकायला हरकत नव्हती.

दुसरी गोष्ट लागवडीच्या क्रमाची. भास्करभाई झाडांचे तीन गट करत : अल्पजीवी, मध्यजीवी आणि दीर्घजीवी. मोकळ्या जमिनीवर एकदम चिकूची कलमे लावून सात-आठ वर्षे वाट बघत बसायचे नाही. पहिल्या वर्षापासून कडधान्ये आणि वेलभाज्या जमीन झाकतात आणि घर चालवतात. त्यांच्या मागून केळी, पपई, शेवगा वर येतात आणि चिकू-नारळाच्या रोपांना सावली देतात. ही मधली पिके आपोआप बाजूला होईपर्यंत मोठी झाडे फळाला येतात. तणाचा प्रश्न यातच सुटतो, कारण सावलीत तण माजत नाही. जे उगवते ते कापून तिथेच टाकायचे, उपटायचे नाही. नांगरट, खत, खुरपणी, पाणी आणि पीकसंरक्षण ही शेतीची पाच कामे. या पाचांपैकी प्रत्येकात माणसाने किती कमी ढवळाढवळ करावी, एवढाच त्यांचा सगळा अभ्यासक्रम होता.

भातात त्यांनी ‘नवाबी कोलम’ हे उंच वाढणारे, देशी, चवदार वाण धरून ठेवले. सगळीकडे बुटक्या संकरित जातींची लाट असताना हे वाण टिकले, ते त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नव्हते म्हणून. पावसावर भात घ्यायचे, आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर हिवाळ्यात कडधान्य. उंच भाताचा पेंढा जास्त मिळतो, आणि पेंढा म्हणजे जनावराचा चारा किंवा जमिनीचे पांघरूण. आपल्या भागातही असे कोलम होते. आता ते लग्नाच्या पंगतीच्या आठवणींत उरले आहेत.

उत्पन्नाच्या आकड्यांवर मात्र थांबायला हवे. कल्पवृक्षवर सर्वात सविस्तर लिहिणारे भरत मनसाटा यांनी एका माडाला वर्षाला सरासरी साडेतीनशे ते चारशे नारळ आणि जुन्या चिकूला तीनशे किलोच्या आसपास फळ अशी नोंद दिली आहे. आपला बाणवली माड चांगला राखला तर वर्षाला ऐंशी-शंभर नारळ देतो, हे शिरगावच्या कोणत्याही वाडीवाल्याला ठाऊक आहे. देहरीतला आकडा त्याच्या चौपट. अंतर योग्य असेल आणि मुळे मोकळी असतील तर माड किती देऊ शकतो याची ती वरची मर्यादा असेल, असे मी धरून चालतो; नवी लागवड करणाऱ्याने मात्र या आकड्यावर कर्जाचा अर्ज भरू नये. खर्चाच्या रकान्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. खत, औषध, नांगरट यांपुढे तिथे शून्य आहे, आणि ते शून्य कोणालाही जाऊन बघता येते.

वाडीची कीर्ती हळूहळू पसरली. १९९०च्या दशकात जपानचे मासानोबू फुकुओका देहरीला आले. ‘काहीही न करण्याची शेती’ जगाला सांगणाऱ्या या माणसाने आपल्या शेतापेक्षाही ही वाडी सरस असल्याचे म्हटले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. शेतकरी आत्महत्यांनी देश हादरलेला असताना २००६च्या जुलैमध्ये भास्करभाईंनी राष्ट्रीय शेतकरी आयोगाचे अध्यक्ष डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांना खुले पत्र लिहिले. वय ८४. हरितक्रांतीच्या जनकालाच त्यांनी त्या क्रांतीचा जाब विचारला, तोही शिवीगाळ न करता. जमीन, पाणी, बियाणे आणि कर्ज यांचा एकेक मुद्दा मांडत. २०१० साली त्यांना ‘वन वर्ल्ड अवॉर्ड’चा जीवनगौरव मिळाला. २४ ऑक्टोबर २०१५ रोजी, ९३व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे घरच्या मंडळींनी वाडी चालू ठेवली.

इथवर इतिहास सरळ आहे. आता जरा लांब जायचे आहे, थेट ऑस्ट्रियात : रसायन सोडणाऱ्या शेतकऱ्यांचा तिथे मोठा गट झाला, इथे का झाला नाही, हे बघायला.

रुडॉल्फ स्टायनर हा तत्त्वचिंतक १८६१ साली तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यात जन्मला. १९२४च्या जूनमध्ये, मृत्यूच्या जेमतेम नऊ महिने आधी, त्याने आज पोलंडमध्ये असलेल्या कोबेरविट्झ गावी शेतकऱ्यांपुढे व्याख्यानांची मालिका दिली. रासायनिक खताने जमीन आणि बियाणे दुबळे होत आहे, ही त्या शेतकऱ्यांची तक्रार होती. त्या व्याख्यानांतून ‘बायोडायनॅमिक’ शेती निघाली. शेत म्हणजे एक सजीव शरीर, त्याला लागणारे शक्यतो सगळे त्याच्याच आत तयार व्हावे, हा तिचा गाभा. त्याला जोडून काही विधी आले. दुभत्या गाईचे शेण गाईच्या शिंगात भरून शरद ऋतूत पुरायचे, वसंतात काढायचे; त्यातले पंचवीस-तीस ग्रॅम एकरभरासाठी बादलीभर पाण्यात घालून तासभर ढवळायचे, आधी एका दिशेने भोवरा पडेपर्यंत, मग उलट दिशेने. पेरणी-छाटणी चंद्राच्या गतीप्रमाणे. आपल्याकडे नवरात्रात शिंगे पुरून चैत्राच्या सुमारास काढणारे बायोडायनॅमिक शेतकरी आहेत. कोडाईकनाल हे त्यांचे जुने केंद्र.

शिंगाची गोष्ट ऐकून आपला शेतकरी एकतर हसतो, नाहीतर हात जोडतो. दोन्हीची गरज नाही. द्राक्षबागांवर झालेल्या चाचण्यांत या मात्रांचा परिणाम साध्या सेंद्रिय शेतीपेक्षा ठळकपणे वेगळा दिसलेला नाही. पण ज्या कुटुंबांनी ही शिस्त पाळली त्यांनी रसायन सोडले, गाई पाळल्या, बागेत गवत वाढू दिले आणि रोज बागेत फिरून झाडाकडे बघितले. फळ मिळाले ते या चार गोष्टींचे.

अशी कुटुंबे बघायची तर ऑस्ट्रियाच्या पूर्व टोकाला जावे. तिथे, हंगेरीच्या सीमेवर, बुर्गेनलांड हा प्रांत आहे. नॉयझीडल नावाचे उथळ, प्रचंड सरोवर आणि त्याच्या काठची उबदार सपाट जमीन. तांबड्या वाइनसाठी ऑस्ट्रियात हा भाग अव्वल. ब्लाउफ्रँकिश आणि सांक्ट लॉरेंट ही तिथली जुनी वाणे. या दोहोंच्या संकरातून १९२२ साली क्लोस्टरनॉयबुर्गच्या द्राक्षशाळेत त्स्वाइगेल्ट तयार झाले, ते आज देशातले सर्वात जास्त लावले जाणारे काळे द्राक्ष आहे. १९८५ साली ऑस्ट्रियाच्या काही वाइन व्यापाऱ्यांनी पातळ वाइनला गोडी आणण्यासाठी तिच्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळल्याचे उघडकीस आले. निर्यात कोसळली आणि कायदे कडक झाले. पुढच्या पिढीने मग मोठ्या टाक्या भरण्याचा नाद सोडून आपली वाणे, आपली माती आणि बाटलीवर आपल्या घराचे नाव हा मार्ग धरला. पामहागेन गावातल्या मिख्लिट्स कुटुंबाची ‘माइनक्लांग’ ही इस्टेट त्यांपैकीच. वेलींबरोबर गुरे, धान्य, फळझाडे. शेणखत गुरांचे, गुरांना चारा शेताचा. तिथे काही वेलींची छाटणीच केली जात नाही; सुरुवातीला वेल रानटी पसरतो, मग स्वतःच तोल सांभाळतो आणि लहान, दाट रसाची द्राक्षे देतो. अशा वेलींच्या वाइनला त्यांनी वेगळे नाव देऊन बाजारात आणले.

भास्करभाईंनी हे बघितले असते तर छाटणी न करण्यावर मान डोलावली असती आणि शिंगावर हसले असते, असे मला वाटते. स्टायनरचे गणित बेरजेचे : अमुक मात्रा, तमुक तिथी. देहरीचे गणित वजाबाकीचे : नांगर काढा, खत काढा, खुरपे काढा, मग उरेल ते बघा.

तरीही आज बुर्गेनलांडमध्ये अशा कुटुंबांचा मोठा गट उभा आहे आणि देहरीच्या आसपास, तासा-दीड तासाच्या अंतरावरच्या आपल्या गावांतही, कल्पवृक्षसारख्या वाड्या बोटावर मोजण्याइतक्याही नाहीत. का? आळस, अज्ञान, सरकारी धोरण ही नेहमीची उत्तरे मला पुरेशी वाटत नाहीत. मला दिसणारे कारण असे, की ऑस्ट्रियातल्या शेतकऱ्याने पिकवलेले द्राक्ष बाटलीत जाते, वर्षानुवर्षे टिकते, आणि बाटलीवर गाव, वाण, साल आणि घराचे नाव छापलेले असते. ज्याने शेणखतात घाम गाळला त्याच्या घामाची किंमत गिऱ्हाईक मोजते. चिकूचे काय होते? झाडावरून उतरवल्यावर आठवडाभरात तो मऊ पडतो. खोक्यात भरून रात्रीच्या गाडीने जातो, आणि वाशी किंवा दिल्लीच्या बाजारात पोचेपर्यंत त्याला गाव उरत नाही. औषध मारलेला आणि न मारलेला एकाच ढिगात. मग वजाबाकी करणाऱ्याला खर्च वाचल्याचा फायदा होतो, भावाचा होत नाही. भास्करभाईंना तो एक फायदा पुरला, कारण जमीन स्वतःची होती, कर्ज नव्हते आणि गरजा बेताच्या होत्या. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे त्याला संक्रमणाची तीन-चार वर्षे कोण पोसणार?

चिकूला गाव मिळवून देण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. घोलवडला १८९८च्या सुमारास चिकूचे पहिले झाड लागले असे सांगतात. मूळचा मेक्सिकोकडचा हा पाहुणा इथे रुजला तो आपल्या खिरणीच्या, म्हणजे रायणाच्या खुंटावर. युरोपातल्या द्राक्षांना एकोणिसाव्या शतकात किडीने घेरले तेव्हा अमेरिकन वेलींच्या मुळांवर कलमे करून ती वाचवावी लागली. आपल्याकडे उलट, परदेशी फळाला देशी मुळाने उभे केले. कालीपत्ती वाण, रायणाचा खुंट आणि समुद्राची हवा यांतून जो गोडवा आला त्याला पुढे ‘डहाणू घोलवड चिकू’ असे भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जून २०२१ मध्ये मानांकनासह हा चिकू इंग्लंडलाही गेला. आपल्या पालघर तालुक्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला २०२३ साली मानांकन मिळाले.

दुसरा प्रयत्न बाटलीचा. बोर्डीच्या प्रियंका सावे आणि नागेश पै यांनी ‘हिल झिल वाइन्स’ उभी केली आणि ‘फ्रुझान्ते’ या नावाने चिकूची, आंब्याची, अननसाची वाइन बाजारात आणली. चिकूची वाइन करणे द्राक्षाइतके सोपे नाही. पिकल्या चिकूत साखर भरपूर, पण आंबटपणा जवळजवळ नाहीच, त्यामुळे नको ते जंतू लवकर वाढतात; आम्ल बाहेरून घालावे लागते. कच्चे फळ गेले तर चीक आणि तुरटपणा, जास्त पिकले तर गाळताना लगदा. नाशिकच्या द्राक्षांना २००१च्या धोरणाने अबकारीत मोठी सवलत मिळाली आणि वायनऱ्या फोफावल्या. इतर फळांकडे शासनाचे लक्ष फार उशिरा वळले.

गांधी-विनोबांना मानणाऱ्या माणसाच्या वाडीच्या इतिहासात वाइनचे प्रकरण कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण हे प्रकरण भूगोलानेच घातले आहे. १९६०ची रेषा ओढली गेली तशी देहरी कायमच्या दारूबंदीत गेली. रेषेच्या अलीकडे बोर्डीत चिकूची वाइन होते. थोड्याच अंतरावरच्या देहरीत त्याच चिकूपासून ती करणे गुन्हा आहे. आणि आंबवण्याची कला आपल्या किनाऱ्याला नवी नाही. भंडारी ताडा-माडाची पोय छेदून मडके बांधतो. पहाटे उतरवलेला रस गोड, सूर्य वर आला की फेसाळतो, दुपारी आंबटसर, दुसऱ्या दिवशी शिरका. कोणी यीस्ट घातले नाही. हवेतले आणि मडक्यातले जंतूच सगळे काम करतात. बुर्गेनलांडचे तरुण वाइनवाले ‘आम्ही बाहेरचे यीस्ट घालत नाही’ हे बाटलीवर अभिमानाने लिहितात. आपल्याकडे तेच करणाऱ्यावर १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यापासून झाडागणिक कर बसला आणि नंतर त्याच्याकडे संशयाने बघितले गेले. मी ताडीची वकिली करत नाही. गावातल्या घरांची झालेली धूळधाण मीही बघितली आहे, आणि गुत्ता व वाइन यांतला फरक किमतीपुरताच आहे असे मानणाऱ्यांचे म्हणणे मला पूर्ण खोडता येत नाही. माझा मुद्दा एवढाच, की फळ टिकाऊ झाल्याशिवाय आणि त्यावर गावाचे नाव लागल्याशिवाय नैसर्गिक शेतीला भाव मिळणार नाही. वाइन नको असेल तर सरबत करा, शिरका करा, चिकूची पूड करा. पण रात्रीच्या गाडीतल्या बिननावाच्या खोक्यातून बाहेर पडा. बहाडोलीचे जांभूळ एक-दोन दिवसांत उतरते. त्याच्या गडद, तुरट रसाची तांबडी वाइन चांगली होते हे देशात इतरत्र दिसले आहे.

कल्पवृक्षच्या इतिहासातली सर्वात मोठी उणीव माझ्या मते हीच. वाडीने पिकवण्याचा प्रश्न सोडवला, विकण्याचा तिने हाती घेतलाच नाही. तो तिच्या संस्थापकाचा स्वभाव नव्हता, आणि त्यासाठी त्यांना दोष देणे बरोबर नाही. मात्र त्यांच्यामागून येणाऱ्यांनी दोन्ही प्रश्न एकत्र घेतले पाहिजेत. एकट्या घराला ते झेपणार नाही. तिथे आपल्यासारख्या मंडळाची गरज लागते.

म्हणून मंडळाच्या सभासदांना एक विनंती. पुढच्या खरिपापासून आपल्या वाडीतले दहा गुंठे वेगळे काढा. त्यात बाहेरचे काही घालू नका, चर बुंध्यापासून लांब घ्या, पाला जाळू नका. दोन रकान्यांची वही ठेवा : उरलेल्या वाडीचा खर्च-उत्पन्न एका बाजूला, या दहा गुंठ्यांचा दुसऱ्या बाजूला. उत्पन्न घटले तर तेही लिहा, लपवू नका. वर्षाअखेरीस या वह्या मंडळाच्या कार्यालयात जमा करा. पुढच्या वार्षिक सभेत त्या सर्वांसमोर वाचल्या जाव्यात, असा ठराव मी मांडणार आहे.